बारावं पाकीट

पोस्टाच्या पेटीत पाकीट टाकलं की काका मनगटापर्यंत हात आत घालून चाचपत. पाकीट खरंच खाली पडलं याची खात्री झाली की पेटीवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करत आणि म्हणत, "गेलं ते गेलं. आता पुढचं." पाठवलेल्या मजकुराकडे ते पुन्हा कधी बघत नसत. छापून आला तरी नाही.

जव्हारात सगळे त्यांना काका म्हणत. संस्थान होतं तेव्हा ते कारकून होते. फिरतीवरच्या अंमलदाराबरोबर पाड्यापाड्यांवर जायचं आणि लोकांच्या जबान्या मोडीत उतरवून घ्यायच्या, हे त्यांचं काम. संस्थान विलीन झालं तेव्हा बरोबरीचे कारकून ठाण्याकडच्या कचेऱ्यांत गेले. काकांनी मात्र नोकरी सोडली आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर लेखक व्हायचं ठरवलं. कोणी कारण विचारलं तर सांगत, "देश स्वतंत्र झाला, मग मीच एकटा नोकरीत का राहू?"

सकाळी ते कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देत. दुपारनंतरचा वेळ स्वतःचा. रोज दोन पानं, महिन्याला एक लेख, वर्षाला बारा पाकिटं, असा त्यांचा नेम होता. बाराही विषय त्यांनी वर्षाच्या सुरुवातीलाच ट्रंकेच्या झाकणाच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवले होते. पाकीट गेलं की त्या ओळीवर रेघ मारत.

बहुतेक पाकिटं परत यायची. काकांनीच तिकीट लावून आत ठेवलेल्या पाकिटातून, "साभार परत" अशी चिठ्ठी लावून. पेठेतले लोक विचारायचे, "काय काका, मुंबईवाल्यांनी पुन्हा पाकीट पाठवलं वाटतं?" काका म्हणायचे, "साभार म्हणालेत. तीस वर्षं चाकरी केली, आम्हाला कोणी साभार म्हटलं नाही." आणि त्याच चिठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूवर पुढच्या लेखाची टिपणं काढायचे.

मी तेव्हा जव्हारला प्राथमिक शाळेत नव्याने मास्तर झालो होतो आणि काकांच्या शेजारच्या खोलीत राहत होतो. काकांचा हात मोडीत पळायचा, बालबोधीत, म्हणजे देवनागरीत, अडखळायचा. संपादकांना तर बालबोध हवी. माझं अक्षर बरं होतं आणि मोडी मी माझ्या मामाकडे शिकलो होतो. म्हणून काका लिहीत आणि मी त्याची बालबोध प्रत करी.

कचेरीत कुठलीही नक्कल मुकाबला केल्याशिवाय बाहेर जात नसे. म्हणजे एकाने नक्कल मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवून ताडून बघायचं. सुरुवातीला आम्हीही तसंच केलं. मी वाचायचो, काकांचं बोट मोडीवरून सरकायचं. सहा लेखांत त्यांना एक कानादेखील इकडचा तिकडे सापडला नाही. सातव्याला मी वाचायला बसलो तेव्हा त्यांनी माझ्या हातातून प्रत घेतली, घडी करून पाकिटात घातली आणि म्हणाले, "तुमच्या प्रतीला मुकाबला नको, मास्तर." मला फार अभिमान वाटला होता.

त्या वर्षी त्यांचे दोन लेख छापून आले. एक आठवड्याच्या बाजारावर, दुसरा नाचणीच्या भाकरीवर. मी अभिनंदन केलं तेव्हा ते म्हणाले, "हे हात बसवायला. संपादकाला आपलं नाव ओळखीचं झालं पाहिजे, म्हणजे शेवटचं पाकीट तो बाजूला टाकणार नाही."

मी ट्रंकेच्या झाकणाकडे पाहिलं. बाराव्या ओळीवर एकच शब्द होता. जामसर.

त्या दिवशी त्यांनी मला सारं सांगितलं. संस्थानी अमलाच्या अखेरीला जामसरच्या एका बाईची जबानी त्यांनी घेतली होती. तिचा नवरा जंगलाच्या कुपावर, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या पट्ट्यात, लाकूडतोडीला जाई. एक दिवस तो तापाने फणफणला होता. मुकादमाने त्याला काठीने उठवून कामावर नेलं. उतारावर सागाचा ओंडका सुटला. तापातल्या माणसाला बाजूला होता आलं नाही. मुकादमाने त्याला झऱ्याकाठी पुरून टाकलं आणि बायकोला सांगितलं, तुझा नवरा पळून गेला. खरं काय ते बरोबरच्या गड्यांनी तिला चोरून सांगितलं. पुढे विलीनीकरणात गाड्या भरभरून दप्तरं हलली, त्यात ते बाड कुठे गेलं कळलं नाही.

"आता ती जबानी फक्त माझ्या डोक्यात आहे," काका म्हणाले. "तिला मी शब्द दिलाय, छापून आलं की वाचून दाखवायला येईन."

मग त्यांनी मुकादमाचं नाव सांगितलं. तो माझा मामा होता.

वाचकहो, माझे वडील मी लहान असताना गेले. मामाने मला मोखाड्याला आपल्या घरी वाढवलं, शिकवलं, नोकरीला चिकटवलं. काकांना हे नातं माहीत नव्हतं. मला ते त्याच क्षणी सांगता आलं असतं. मी फक्त पाणी प्यायलो.

पुढच्या रविवारी मी मोखाड्याला गेलो. मामा ओसरीवर सुपारी कातरत बसला होता. त्याने सहज विचारलं, "तो तुझा शेजारी काय लिहितो रे हल्ली?" मी सांगितलं. मामाने हातातली सुपारी कातरून संपवली. मग अडकित्ता मिटून म्हणाला, "लिहू दे. अक्षर तर तुझंच आहे ना?"

एवढंच तो बोलला. मला धमकावलं नाही, काही मागितलं नाही. निघताना मामीने माझ्या पिशवीत तांदूळ घातले.

काकांनी जामसरचा मजकूर तेवीस दिवस लिहिला. रोज दोन पानांचा नेम त्यांनी त्यापुरता मोडला. कधी अर्धं पान व्हायचं, कधी एक ओळ. कागद माझ्या हातात देताना म्हणाले, "हे नीट उतरवा."

मी नीट उतरवला. ताप काढला. काठी काढली. मामाचं नाव काढून नुसतं 'मुकादम' ठेवलं. पावसाने निसरड्या झालेल्या कड्यावरून माणूस घसरला, असं केलं. इथवर मी भित्रा होतो. पण मग मी एक वाक्य माझं घातलं: 'मुकादमाने त्याला पाठुंगळी घेतले आणि झऱ्यापर्यंत आणून स्वतःच्या हाताने त्याच्या तोंडात पाणी घातले.' ते वाक्य मी एका दमात, काही न खोडता लिहिलं, हे मला आजही आठवतं.

प्रत मी तशीच त्यांच्या पुढ्यात धरली. मुकाबला करू या, असं त्यांनी म्हणावं असं मला वाटत होतं आणि म्हणू नये असंही. त्यांनी ती घडी करून पाकिटात घातली. मूळ मोडी कागद मी बंबात जाळले.

लेख स्वीकारला गेला. अंक आला तेव्हा पेठेतल्या ज्यांनी त्यांची टर उडवली होती तेच हार घेऊन आले. काकांनी अंक उघडलासुद्धा नाही. तो पंच्यात गुंडाळून दुसऱ्या दिवशी ते जामसरला चालत गेले.

ते परतले तेव्हा दिवस मावळायचा होता. माझ्या दारात उभे राहिले, आत आले नाहीत. म्हणाले, "तिच्या अंगणात पाड्यावरची माणसं जमली होती. मी वाचत गेलो. वाचता वाचता मलाच कळेना, हे कोणी लिहिलंय. पण ती सगळी ऐकत होती, मधे थांबणार कसा? शेवटपर्यंत वाचलं."

"ती काय म्हणाली?"

"म्हणाली, यो माजा दादला नाय. माज्या दादल्याला ताप होता."

मी मान खाली घातली. मग सगळं सांगितलं, मामासकट. काकांनी ऐकून घेतलं.

"मूळ कागद?"

"जाळले."

त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकला. म्हणाले, "चूक माझी. मुकाबला मी सोडला." आणि आपल्या खोलीत गेले. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी कदाचित पुढे जगायला मोकळा झालो असतो.

त्यांनी सगळं पुन्हा लिहून काढलं, या वेळी स्वतः, अडखळत्या बालबोधीत. संपादकांचं उत्तर सभ्य होतं. एकाच घटनेच्या दोन हकिकती एकाच लेखकाच्या नावाने कशा छापाव्यात? त्यातली खरी कुठली? प्रत दुसऱ्याने केली होती आणि त्याने मजकूर बदलला, एवढं लिहिलं असतं तर पुरलं असतं. पण त्यासाठी माझं नाव लिहावं लागलं असतं. ते त्यांनी लिहिलं नाही. मीही लिहिलं नाही. माझी नोकरी कायम व्हायची होती.

पेठेत विचारलं जाऊ लागलं, "काय काका, छापलेलं खोटं की सांगता ते खोटं?" आता काका गंमत करत नसत; खाली बघून हातातला अर्ज लिहीत राहत. अर्ज लिहून घ्यायला येणारेही कमी झाले. शब्दाचा भरवसा नसलेल्या माणसाकडून अर्ज कोण लिहून घेईल? एके दिवशी शाळेतून आलो तर शेजारची खोली रिकामी होती. नाशिककडच्या एस.टी.त चढताना कोणी त्यांना पाहिलं म्हणे. जामसरच्या वाटेला लागले, असंही कोणी सांगितलं. मी कुठेच चौकशी केली नाही.

मामा पुढे दहा वर्षं जगला. गावाचा भाऊ म्हणून मोठ्या मानाने गेला. मोखाड्याला शोकसभा झाली तेव्हा एकाने तो अंक जपून ठेवला होता, तो बाहेर काढला. "यातला मुकादम म्हणजे आपले भाऊच," तो म्हणाला. "आणि हे कोणी घरच्याने लिहिलेलं नाही. जबान्या घेणाऱ्या माणसाने लिहिलंय." मग अंक माझ्याकडे दिला. "मास्तर, तुम्ही वाचा. तुमचं वाचन स्वच्छ आहे."

मी उभा राहिलो आणि वाचलं. झऱ्याच्या वाक्यापाशी पुढच्या रांगेतली माणसं डोळे पुसू लागली, म्हणून मी क्षणभर थांबलो. मग उरलेलं वाचलं. लेखाखाली काकांचं नाव होतं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. तेही वाचलं.