गल्लीला दिलेला पासवर्ड

ती केस अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. न सुटलेल्या केसेस बऱ्याच होत्या, त्या मी विसरले. ही सुटली, आरोपपत्रही गेलं, आणि तरीही ही विसरता येत नाही.

माझ्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. नवरा ड्युटीवर असताना वारला, तेव्हा सातवी पास एवढ्या शिक्षणावर मला शिपाई म्हणून घेतलं होतं. चढत चढत सहायक फौजदार झाले आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका ठाण्यात बसत होते. बायकांच्या तक्रारी माझ्या टेबलावर यायच्या.

एका सकाळी एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. बाई टॉवेलांना शिलाई मारण्याचं काम करायची. मुलगी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. सोबत बाईचा धाकटा भाऊ, मुलीचा मामा. तो यंत्रमागावर होता आणि बहिणीकडेच राहायचा. मुलीची सोयरीक दुधनीकडच्या एका घरात ठरली होती. कुणीतरी मुलीच्या नावानं खोटं खातं उघडून, तिचा चेहरा दुसऱ्या उघड्या अंगाला चिकटवून ते फोटो नवऱ्या मुलाच्या बहिणीला आणि नातेवाइकांना पाठवले होते. दोन दिवसांत सोयरीक मोडली.

मुलगी खाली बघत बसली होती. आई रडत होती. बोलत होता तो मामा.

कुणावर संशय आहे का, असं मी विचारलं. हा प्रश्न विचारावाच लागतो. मामा म्हणाला, "आमच्यापासून तिसरं घर. मास्तर हाय एक, शिकवण्या घेतो. आमची पोरगी त्याच्याकडं दहावीला जायची. लगीन ठरल्यापासून त्याचं तोंड उतरलंय बघा, बाई."

मी ते जबाबात घेतलं. कागद सायबर सेलला गेले. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. ज्या इंटरनेट कनेक्शनवरून ते खातं उघडलं आणि वापरलं, ते कनेक्शन त्याच मास्तरच्या वडिलांच्या नावावर होतं.

आधी नाव आलं, मग पत्ताही तोच आला. एवढं जुळलं की पोलीस पुढचं बघत नाहीत. मीही बघितलं नाही.

मास्तरचे वडील होटगी जंक्शनवर रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले. गल्ली त्यांना तात्या म्हणायची. बायको वारलेली, गुडघे गेलेले. मास्तर सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. पुढच्या खोलीत गणिताच्या शिकवण्या घ्यायचा, त्यावर दोघांचं घर चालायचं. भर सकाळी, क्लासची पोरं वह्या घेऊन बसलेली असताना आम्ही त्याला उठवून आणलं. ती वेळ मीच निवडली होती. पोरांसमोर उचलला की माणूस लवकर मोडतो, असा माझा अनुभव होता.

तात्यांना मी एकच प्रश्न विचारला. तुमचं इंटरनेट कोण कोण वापरतं?

"आमी दोघंच की, मॅडम. दुसरं कोण वापरणार?"

हे वाक्य मी शब्दाला शब्द लिहून घेतलं आणि खाली त्यांची सही घेतली. त्या सहीनं त्यांचा मुलगा अडकला.

मास्तर रोज ठाण्यात येत होता. सकाळी यायचा, बाकावर बसायचा, संध्याकाळी घरी जायचा. मारलं नाही कुणी, पण न मारता जे करता येतं ते सगळं झालं. त्यानं स्वतःहून फोन काढून दिला. त्यात काही निघालं नाही, तर आम्ही म्हणालो, पुसून टाकलं असेल. चिडला, तर म्हणालो, चोराच्या उलट्या... असो. गप्प बसला, तर म्हणालो, आता बोलती बंद झाली. संशयित ठरला की माणसानं काहीही केलं तरी ते त्याच्या विरुद्धच जातं. हे मला नोकरीत शेकडो वेळा दिसलं होतं. थांबून विचार मी कधी केला नव्हता.

पहिल्या तीन दिवसांतच क्लासची सगळी पोरं गेली. मुली आधी गेल्या.

चौथ्या दिवशी तात्यांचा पुरवणी जबाब घ्यायला मी त्यांच्या घरी गेले. त्या दिवशी गल्लीत नळाला पाणी आलं होतं. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि आलं की माणसं दुसरं काही करत नाहीत. तात्यांच्या दारातल्या दोन पिंपांत शेजारच्या घरातून पाइप आला होता आणि शेजारची बाई पिंप भरत होती. मी सहज म्हटलं, तात्यांचं पाणी नेहमी तुम्हीच भरता का?

"आमीच की. कधी मी, कधी समोरची. त्यांना कुटं उचलतंय? तात्या नेट देतेत, आमी पाणी देतो."

तात्या खुर्चीत बसले होते. त्यांचं तोंड एकदम पडलं.

मी दार लावून घेतलं आणि विचारलं, हे आधी का नाही सांगितलं? तात्या म्हणाले, "नेट बसवायला आला होता ना, तो म्हणला, दुसऱ्याला दिलं तर गुन्हा हाय. मग मी म्हणलं, मला दोष लागंल तो लागंल, पन गल्लीला ठाण्यात कशाला वडायचं? माझ्या पोरानं काय केलं न्हाय, मग त्याला काय हुतंय?"

निर्दोष माणसाला काही होत नाही, यावर त्या म्हाताऱ्याचा विश्वास होता. मी तो जबाब लिहून घेतला आणि सायबरच्या शिपायाला बोलावलं.

मला त्या इंटरनेटच्या डब्यातलं, राउटरमधलं, काही कळत नव्हतं. मी त्याला विचारलं, यातून किती माणसं जातात ते दिसतं का? तो म्हणाला, दिसतं. त्यानं लॅपटॉप जोडला. डब्याच्या सेटिंगमध्ये शिरायला वेगळा पासवर्ड लागतो. तो कंपनीतून येताना असतो तसाच होता, डब्याच्या बुडाला छापलेला. कुणी बदललाच नव्हता. वायफायचा पासवर्ड म्हणजे तात्यांचा मोबाइल नंबर, तो तर गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ. आत यादी होती. ज्या घरात दोन फोन, त्या घराच्या यादीत सतरा.

मी विचारलं, फोटो पाठवले त्या दिवशी कोण होतं ते निघेल का? तो म्हणाला, नाही, हा डबा आठ दिवसांपलीकडचं ठेवत नाही. म्हणजे आमच्याकडे सतरा फोन होते आणि त्यातला एक कुणाचा ते सांगणारं कुणी नव्हतं. घरोघर जाऊन विचारलं असतं तर सगळे नाही म्हणाले असते.

मी त्याला म्हटलं, पासवर्ड बदल आणि इथंच आत बस.

त्यानं दोन्ही पासवर्ड बदलले. मी साध्या साडीत होते, वर्दीशिवाय गल्लीत मला कुणी ओळखलं नाही. तात्यांची नात्यातली बाई म्हणून ओसरीवर बसले. तासाभरात माणसं यायला लागली. पहिली शेजारीण आली. "तात्या, मालिका मधीच अडकली की हो. ती सासू आता मरतीय का जगतीय?" मागून समोरचा म्हातारा आला, तो म्हणाला, "तात्या, पासवर्ड काय नळाचं पाणी हाय व्हय, चार दिवसांनी सुटायला?" कॉलेजची दोन पोरं आली, एक शिवणकाम करणारी आली. ज्यानं त्यानं फोन पुढे केला. आत बसलेल्या शिपायानं नवा पासवर्ड घालून दिला आणि यादीतल्या एकेका फोनपुढे नाव लिहीत गेला. गल्लीत पोलीस चौकशी चालू आहे, मास्तर ठाण्यात बसलाय, हे सगळ्यांना माहीत होतं. पण कुणाच्या मनात काही नव्हतं, म्हणून सगळे येत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सोळा नावं झाली. एक फोन आला नाही. आणि आठ दिवसांच्या यादीत सगळ्यात जास्त वेळ जोडलेला तोच होता.

मास्तरचं नाव पहिल्यांदा कुणी घेतलं होतं, ते मला आठवलं. मी मुलीच्या आईला आणि मामाला ठाण्यात बोलावलं, तपास कुठपर्यंत आला ते सांगते म्हणून. बोलता बोलता मामाला विचारलं, तात्यांचं नेट तुम्हीही वापरत असाल की? तो म्हणाला, "छ्या. त्यांच्या दारात मी पाय ठेवत न्हाय, बाई. नेट कुटलं घेतो?"

दोन पंच बोलावले, त्यांच्यासमोर त्याचा फोन घेतला. फोनमध्ये जोडलेल्या वायफायची नावं राहतात. पहिलंच नाव तात्यांच्या कनेक्शनचं होतं. प्रत्येक फोनला स्वतःचा एक नंबर असतो, राउटरच्या यादीत तोच दिसतो; शिपायानं तो काढून यादीशी ताडून बघितला. सतरावा तोच. फोन जप्त करून प्रयोगशाळेत पाठवला, पुसलेले फोटो पुढे त्यात निघाले. पण तोवर मामा थांबला नाही. बहिणीसमोरच बोलला.

"ती माझीच हुती की. जल्मल्यापासून सगळे म्हणत आले, ही मामाची. मग दुसऱ्याला कशी दिली?"

आमच्या भागात मामाला भाची देण्याची रीत बऱ्याच घरांत आहे. या बाईनं ती मोडली, कारण मुलगी नको म्हणाली होती. बाई भावाकडे बघत बसली. रडली नाही. मला म्हणाली, "मीच त्याला संगं घेऊन येत हुते की वो." त्यानंतर ती कधी आपणहून ठाण्यात आली नाही.

या केसनं काय शिकवलं, असं विचारतात. व्यवहाराचं सांगते. राउटर बसवला की त्याचे दोन्ही पासवर्ड त्याच दिवशी बदला. नाव, मोबाइल नंबर, जन्मतारीख घालू नका. शेजाऱ्याला द्यायचं असेल तर पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय करता येतं, ते करून द्या आणि कुणाला दिलं ते लक्षात ठेवा. महिन्यातून एकदा यादी बघा. आणि पोलिसांनी विचारलं तर खरं सांगा.

पोलिसांनाही एक सांगायचं आहे. महिन्याभरानं मास्तर माझ्याकडे आला. दाढी वाढलेली. म्हणाला, "मॅडम, मी काही केलं नाही असा एक कागद द्या. दारावर लावतो. क्लास परत चालू करायचा आहे."

मी साहेबांना विचारलं, कारकुनाला विचारलं. माणूस संशयित आहे हे सांगणारे कागद आमच्याकडे ढीगभर होते, तो नव्हता असं सांगणारा नमुना नव्हता. आरोपपत्रात त्याचं नाव साक्षीदारांत आहे, एवढं मी सांगितलं. तो म्हणाला, "ते गल्लीत कोण वाचणार?" आणि गेला. पुढे पुण्याला कुठल्याशा गोदामात लागला असं ऐकलं. तात्या एकटेच राहिले.

कागद नव्हता हे खरं आहे. पण भर सकाळी पोरांसमोर त्याला उचलायला आम्हाला तरी कुठला कागद लागला होता? गुन्हेगार सापडला त्या संध्याकाळी मी मास्तरला फक्त म्हणाले, जा आता घरी. तो एकटा चालत गेला. त्या वेळी मी वर्दी घालून त्याच्याबरोबर गल्लीत जायला हवं होतं, आणि सगळ्यांच्या देखत त्याला दारात सोडायला हवं होतं. अर्ध्या तासाचं काम होतं. मला ते सुचलं नाही.