सातचा वर्ग

माझी मावशी शाळेच्या शेवटच्या परीक्षेत गणितात दोनदा नापास झाली, आणि तिसऱ्यांदा बसायला तिने साफ नकार दिला. "गणिताने माझ्या नाकी नऊ आणले," ती म्हणायची, "पण नवाचा पाढा काही आणला नाही."

तिच्या शाळेतला एक किस्सा घरात सगळ्यांना पाठ होता. गुरुजींनी तिला उभं करून विचारलं, "सातचा वर्ग किती?" मावशीने मनातल्या मनात जिन्याजवळच्या खोलीतली सातवीची मुलं मोजली आणि सांगितलं, "अडतीस. आज दोन गैरहजर आहेत." पोरं हसून लोळली. गुरुजीही हसले. मावशी स्वतः हा किस्सा रंगवून सांगायची. पण आई म्हणते, त्या दिवशी ती घरी आली, दप्तर टाकून थेट गच्चीवर गेली आणि जेवायलासुद्धा खाली उतरली नाही.

तिने लग्न केलं नाही. ती आमच्याकडेच राहायची आणि खिडकीशी बसून नाटकाच्या कपड्यांवर मणी, टिकल्या शिवायची. तिच्या बोटांना डोळे होते. आमच्या घरामागच्या गल्लीत पहिली-दुसरीपर्यंतची एक बालशाळा होती. तिथल्या मोठ्या बाई एकदा खोकाभर तुटकं सामान घेऊन आमच्या दारात आल्या. पितळी तारेत ओवलेले काचेचे मणी होते ते. दोन मण्यांची हिरवी कांडी, तीनची गुलाबी, सातची पांढरी, दहाची सोनेरी. मुलांच्या हातून तारा वाकल्या होत्या, कड्या निसटल्या होत्या.

"तुमचा हात चांगला आहे असं ऐकलं," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण सामान घरी ठेवू नका हं. शाळेतच येऊन बसाल का?"

मी तेव्हा दोन वर्षांची होते, म्हणजे मावशी एकतीसची. ती बारीक पक्कड घेऊन वर्गाच्या कोपऱ्यात बसू लागली. समोर मुलं चटया अंथरून मणी मांडायची, त्यांवर बेरजा-गुणाकार करायची, पुन्हा जागच्या जागी ठेवायची. कुणी ओरडत नव्हतं. मावशीला याचंच जास्त नवल वाटायचं. गणित चाललंय आणि कुणी रडत नाही!

तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिने सातची साखळी दुरुस्त केली. सात मण्यांच्या सात कांड्या, एकीला एक कडीने जोडलेल्या. लांबच लांब साखळी डब्यात मावेना, म्हणून तिने ती कड्यांपाशी दुमडत आणली. एक कांडी, तिला लागून दुसरी, मग तिसरी. सातवी कांडी शेजारी बसली आणि मावशीसमोर नीट चौकोन तयार झाला. चारही बाजूंनी सारखा. तिने एक बाजू मोजली, सात. दुसरी मोजली, सात. मग एकेक मणी करत सगळे मोजले. एकोणपन्नास.

मोठ्या बाईंनी पाहिलं तेव्हा तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"काय हो, तार टोचली का?"

"नाही," मावशी म्हणाली. "सातचा वर्ग सापडला. मला वाटलं होतं, तो जिन्याजवळच्या खोलीत भरतो."

मोठ्या बाईंना काही कळलं नाही. किस्सा ऐकल्यावर त्या आधी पोट धरून हसल्या, आणि मग वाकून तो चौकोन पाहू लागल्या. म्हणाल्या, "पक्कड ठेवा खाली. उद्यापासून मुलांबरोबर चटईवर बसा."

दोन वर्षं ती तिथे मदतनीस होती, मग तिने बालशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण केला. मी सहा वर्षांची झाले आणि तिच्याच वर्गात गेले. घरी मावशी, शाळेत बाई. मी चुकून "मावशी" म्हटलं की पाठोपाठ सगळा वर्ग तिला मावशी म्हणायचा, आणि ती माझ्याकडे असं बघायची की मी घाईघाईने "बाई" म्हणायचे.

ती स्वतः उत्तर कधी सांगायची नाही. "चार त्रिक किती?" असं विचारलं, की म्हणायची, "मला कसं माहीत? मी तर नापास. तू मांडून बघ आणि मला सांग." आम्हांला ते खरंच वाटायचं. बाई अडल्यात म्हणून आम्ही धावत जाऊन तीनच्या चार गुलाबी कांड्या आणायचो.

मी सात वर्षांची असताना काही पालकांनी तक्रार केली, की इथे मुलं नुसती मण्यांशी खेळतात, पाढ्यांच्या नावाने शून्य. एका सकाळी शिक्षण खात्याचे तपासनीस आले. उंच, इस्त्रीचे कपडे, काखेत फाइल. त्यांनी उभ्याउभ्याच विचारलं, "बारा गुणिले बारा?"

आम्ही दहापर्यंतच पोचलो होतो. मावशीचे हात पदराशी चाळा करत होते. मला आजही ते हात दिसतात.

तेवढ्यात आमच्यातली एक मुलगी उठली. तिला आम्ही मुकी म्हणायचो, कारण शाळेत ती दिवसाला चार शब्द बोलली तर खूप. तिने चटई अंथरली. शंभर मण्यांची सोनेरी पाटी मधोमध ठेवली. तिच्या उजवीकडे दहाच्या दोन कांड्या उभ्या लावल्या, खाली दोन आडव्या. कोपऱ्यात जागा उरली. तिथे तिने दोनच्या दोन हिरव्या कांड्या बसवल्या. मोठा चौकोन पुरा झाला. ती बोट ठेवत म्हणाली, "शंभर. वीस. वीस. चार."

"म्हणजे?" तपासनीसांनी विचारलं.

"एकशे चव्वेचाळीस," ती म्हणाली, आणि तिचे त्या दिवसाचे शब्द बहुधा तिथेच संपले.

साहेब खाली वाकले. मग गुडघे टेकून बसले. "आणि तेरा-तेरा?"

तिने दहाची एकेक कांडी दोन्हीकडे वाढवली आणि कोपऱ्यात हिरव्याच्या जागी तीनच्या तीन गुलाबी कांड्या ठेवल्या. यावेळी साहेबांनीच मोजलं. एकशे एकोणसत्तर. मग स्वतःशीच म्हणाले, "हे असं असतं होय!" आणि फाइल चटईवर विसरून निघाले. मावशीच दारापर्यंत ती द्यायला धावली.

तरी त्यांच्या अहवालात एक ओळ आलीच, "पाढे पाठ करून घ्यावेत." मोठ्या बाई वैतागल्या. मावशी मात्र म्हणाली, "चूक नाही त्यांचं. दुकानात उभं राहिल्यावर कुणी चटई थोडीच अंथरणार?" त्यानंतर रोज दहा मिनिटं आम्ही पाढे म्हणू लागलो, आणि मावशीही आमच्याबरोबर म्हणायची. सतराच्या पाढ्यात ती नेहमी अडखळायची. आम्ही तिला सांभाळून घ्यायचो.

सत्तावीस वर्षं तिने तो वर्ग चालवला. निवृत्त झाल्यावर शेजारच्या बायका शिकवणीसाठी मुलं घेऊन यायच्या, पण ती नाही म्हणायची. दमले, एवढंच कारण द्यायची. दुपारी खिडकीत बसून मागच्या गल्लीकडे कान लावायची. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली, की हातातलं पुस्तक बाजूला ठेवून उठायची, मोरीत जाऊन हात स्वच्छ धुवायची आणि पुसत पुसत परत येऊन बसायची. सामानाला हात लावण्याआधी हात धुवायचे, हा तिच्या वर्गाचा नियम होता. आई म्हणायची, "अगं, आता कुठे जायचंय तुला?" मावशी हसायची, आणि कोरडे हात मांडीवर ठेवून घटकाभर तशीच बसून राहायची.