एकच टोल

माझ्या धाकट्या जावेला अख्खी गल्ली टोलबाई म्हणते. ती शाळेत शिपाई आहे आणि शाळेची घंटा तिच्या हातात असते, म्हणून. व्हरांड्यात पितळेची जाडजूड थाळी टांगलेली आणि हातात लाकडी हातोडा. तास संपला की दोन टोल, मधल्या सुट्टीला तीन, शाळा सुटली की नुसती घणघण. आणि शाळेतलं कुणी देवाघरी गेलं, की एकच. तो ऐकला की पोरं असतील तिथं उभी राहतात, मास्तरसुद्धा खडू खाली ठेवतात.

"ताई, एकच टोल मारणं सगळ्यात अवघड असतं बघ," ती मला म्हणायची. "दुसरा मारायला हात आपोआप उठतो."

अशी ती. स्वभावानं गरीब गाय. मी तिच्या अगदी उलट. मी भाजीच्या गाळ्यावर बसते. तिथं जो गप्प बसला, त्याची भाजी सुकली. सासूबाई म्हणायच्या, या दोघींच्या जिभा देवानं एकाच मापात घेतल्या आणि वाटताना सगळी मोठीच्या वाट्याला दिली.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी तिला दिवस राहत नव्हते. लोकांनी नाही नाही ते ऐकवलं. मग एकदाचे राहिले. पाचवा महिना लागला, तशी एका दुपारी गाळ्यावर येऊन तिनं माझा हात ओढून पोटावर ठेवला. "कळतंय का? मासोळी वळल्यासारखं?" मला काहीच कळलं नाही, पण म्हटलं, हो गं, चांगली दांडगी आहे.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी शाळेत, हातोडा हातात असतानाच तिच्या पोटात कळ आली. मी गाळा तसाच उघडा टाकून दवाखान्यात धावले, तर ही बाकड्यावर बसलेली. साडी मागून भिजलेली. नंबर देणाऱ्या खिडकीतल्या मुलीला म्हटलं, "अगं बाई, रक्त जातंय तिला!" तर ती मान वर न करता म्हणते, "इथं सगळ्यांनाच घाई असते. नंबर आला की हाक मारू." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. धाकटीनं माझा पदर धरून ठेवला, म्हणून ती खिडकी शाबूत राहिली.

नंबर आला. डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं, पडदा स्वतःकडे वळवला आणि धाकटीच्या अंगावरून पलीकडच्या सिस्टरला सांगितलं, "धडधड नाही. रिकामं करून घ्या."

रिकामं! बाई आहे की पाण्याचं पिंप?

"डॉक्टर, म्हणजे बाळ..." धाकटीनं विचारलं.

"होईल अजून. वय आहे तुमचं." झालं. हात धुतले आणि गेल्या.

रिकामं करायची वेळच आली नाही. पडद्याआड कळा येऊन आपोआपच झालं. माझी बोटं तिच्या मुठीत होती, अजून वळ आठवतात. सिस्टरनं जे आलं ते ट्रेमध्ये घेतलं, वर झाकण ठेवलं आणि निघाली.

"मला बघू द्या," धाकटी म्हणाली.

"त्यात बघण्यासारखं काही नसतं. झोपा आता."

"निदान मुलगा होता की मुलगी, तेवढं तरी?"

"आता काय करायचंय?"

काय करायचंय! माणूस असं बोलतं? बरं, पुढं ऐका. तिला नेऊन टाकली कुठं, तर बाळंतिणींच्या वॉर्डात, दाराजवळच्या खाटेवर. "बायकांचं सगळं इथंच," म्हणे. आणि त्या दाराबाहेर एक पितळी घंटा, दोरी लावलेली. त्या दवाखान्याची रीतच तशी. बाळ जन्माला आलं की तीनदा घंटा वाजवायची, आणि असतील तेवढ्या सिस्टरांनी जमून टाळ्या पिटायच्या. भिंतीवर रंगीत फुगेसुद्धा चितारलेत. घंटा झाली की धाकटीचं अंग शहारायचं. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी घंटा वाजवणारी ती, उशीत तोंड खुपसून कान झाकून पडलेली.

मी सिस्टरला म्हटलं, "हिची खाट तरी हलवा."

"अहो, आनंदाची गोष्ट आहे ती. त्यात एवढं काय?"

"आनंद तुमच्या घरी ठेवा!" मी ओरडले.

"हळू बोला. बाळं झोपलीत."

बाळं झोपलीत, आणि घंटा चालते! या लोकांपुढं डोकं फोडून घ्यावं तरी किती?

धाकटीचं मात्र एकच चाललेलं. इंजेक्शन द्यायला आलेलीला, खाटांमधून फेरी मारणाऱ्या डॉक्टरीणबाईंना, चहावाल्या बाईलासुद्धा: "मला माझं बाळ बघायचंय." कुणी म्हणे बघू, कुणी म्हणे आराम करा, कुणी नुसतंच गोड हसे. शेवटी फरशी पुसणाऱ्या मावशी माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाल्या, "मागच्या खोलीत ठेवलंय. संध्याकाळी कचऱ्याची गाडी येते. एकदा ती गेली, की काही हाती लागायचं नाही."

ऊन उतरायला लागलं होतं. मी पदर खोचला. म्हटलं, आता या दवाखान्याची खैर नाही. तर धाकटीनं माझं मनगट धरलं.

"ताई, तू ओरडू नकोस. तुझं ओरडणं यांना ऐकूच येत नाही."

ती उठली. खाटेचा दांडा धरला, मग भिंत धरली. मला वाटलं मोरीकडे जायचं असेल, म्हणून मी आधाराला गेले. ती दाराबाहेर गेली, हात वर केला आणि घंटेची दोरी एकदा ओढली. एकदाच. दुसरा टोल होऊ नये म्हणून तिनं दोरी दोन्ही हातांनी ताणून धरली.

सवयच लागलेली त्यांना. इकडून तिकडून सिस्टरा टाळ्या वाजवत आल्या. मागून मोठ्या सिस्टर आल्या, सगळ्यांच्या वरच्या, तोंडभर हसत. "अरे वा! कुणाचं? काय झालं, मुलगा की मुलगी?"

धाकटी दोरी धरून उभी होती.

"ते तुम्ही सांगा," ती म्हणाली. "तुम्ही पाहिलंय. मला कुठं दाखवलंत?"

टाळ्या थांबल्या. एकीचे हात तर जोडलेले तसेच राहिले. आतल्या बाळंतिणी खाटेवर उठून बसल्या. त्यातली एक, पोराला छातीशी धरून, जोरात म्हणाली, "अहो, द्या ना तिचं तिला!"

मोठ्या सिस्टर स्वतः मागच्या खोलीकडे गेल्या. आल्या तेव्हा हातात पांढऱ्या टॉवेलची छोटीशी घडी होती. माझे दीर सकाळपासून बाहेरच्या पायऱ्यांवर बसून होते, पुरुषांना आत बंदी ना! त्यांना मीच हात धरून आणलं. कुणाची बिशाद नव्हती अडवायची.

मुलगी होती. माझ्या तळहातात मावेल एवढी. बारीक बारीक बोटं, सगळी जागच्या जागी. कपाळ थेट दिरांचं. बघण्यासारखं काही नसतं म्हणे! दिरांनी एक बोट पुढं केलं, मागं घेतलं, आणि भिंतीकडे तोंड करून रडले. मीही रडले, आणि रडता रडता त्या सगळ्यांना मनातल्या मनात येतील त्या शिव्या घातल्या.

मोठ्या सिस्टर घसा खाकरून म्हणाल्या, "अहो, आधीच नीट सांगायचं ना आम्हाला. आम्ही दिलं असतं."

मी तोंड उघडलंच होतं. पण धाकटी बोलली. टॉवेलवरची नजरही तिनं उचलली नाही.

"सकाळपासून सांगतेय," ती म्हणाली. "तुम्ही टाळ्या वाजवत होतात."