वरून काढलेला फोटो

फोटो काढायलाही शिकवतात, हे मला तिशी उलटल्यावर कळलं. कोठी भागात पुस्तकांच्या एका दुकानावरच्या माडीवर दर रविवारी क्लास असायचा. आम्ही बाराजण गळ्यात कोरे कॅमेरे अडकवून नंदीबैलासारख्या माना डोलवत बसायचो. सर सांगायचे, चौकटीचे नऊ भाग करा आणि माणूस मध्यभागी ठेवू नका, मध्यभागी माणूस फक्त पासपोर्टात शोभतो. खालून काढला की माणूस पुढारी दिसतो, वरून काढला की बिचारा. ज्ञान एवढंच, पण सरांनी ते चार रविवार पुरवलं.

"फोटो में सोल होना," हे त्यांचं पालुपद. हा सोल त्यांना नेहमी गरिबाच्याच अंगावर सापडायचा. एका रविवारी त्यांनी आम्हाला बेगम बाजारात नेलं. मिरचीची पोती वाहणाऱ्या हमालांवर आम्ही ओट्यांवरून, जिन्यांवरून तुटून पडलो. पाठीवर पोतं घेतलेला एकजण माझ्यावर खेकसला, "हटो अम्मा, रस्ता छोडो." मी हटले नाही. त्याच्या कपाळावरच्या शिरा फार छान आल्या होत्या.

शेवटचा गृहपाठ होता घरातलं म्हातारं माणूस. निवडक फोटो प्रदर्शनात लागणार होते. आमच्या घरी म्हातारं माणूस एकच, बाबा. नांदेडकडच्या खेड्यातून इथं शहरात, काचीगुड्याला आले, सरकारी ऑफिसात शिपाई म्हणून लागले आणि हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले.

"बाबा, खिडकीपाशी चटईवर बसा ना. उजेड मस्त आहे."

"चटईवर कशाला? खुर्ची आण."

"खुर्चीत सोल येत नाही."

"नाही आला तर नक्को. माझा बाप पाटलाच्या ओसरीखाली धुळीत बसायचा. मला नोकरी लागली तशी पहिल्या सुट्टीत त्याला स्टुडिओत नेलं न् खुर्चीत बसवून फोटो काढला. आपल्यात फोटो खुर्चीतच निघतो, माय."

खरंच, घरातले सगळे फोटो तसेच होते. भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर, तिच्याखाली खुर्ची, खुर्चीत कुणीतरी ताठ बसलेलं, हात गुडघ्यांवर. मला त्या फोटोंची लाज वाटायची. चार रविवार शिकून मी बापाला अडाणी ठरवून मोकळी झाले होते. खुर्ची काही मी आणली नाही.

दोन दिवसांनी बाबा बनियनवर, जमिनीवर बसून पायाची नखं काढत होते. मी आवाज न करता स्टुलावर चढले. टक्कल, वाकलेली मान, हाडकुळे खांदे, सगळं वरून टिपलं. त्यांना पत्ताही लागला नाही.

सर खूश झाले. फोटो दोन हात मोठा करून लावला. आणि माझा निलाजरेपणा असा, की मी बाबांना हौसेनं म्हटलं, "तुमचा फोटो लागलाय, बघायला चला." त्यांनी कोटाला इस्त्री करून घेतली.

प्रदर्शनाच्या दारातच सरांचा स्वतःचा फोटो होता. खुर्चीत, बरोब्बर मध्यभागी, किंचित खालून काढलेला. बाबा तिथं थांबले.

"ह्यांना बरी खुर्ची मिळाली," ते म्हणाले.

मग ते स्वतःच्या फोटोपुढं जाऊन उभे राहिले. शेजारची एक बाई तिच्या नवऱ्याला म्हणाली, "बिचारा बुड्ढा, कोई नहीं होंगे इसके." कोटातल्या माणसाकडं तिनं पाहिलंही नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हमालांचे शंभर फोटो काढताना हे कधी वाटलं नव्हतं, तेही तेव्हाच ध्यानात आलं.

दारावरच्या वॉचमनकडून बाबांनी प्लास्टिकची खुर्ची मागून आणली, आपल्या फोटोपुढं ठेवली आणि बसले. कोटाची बटणं लावली, हात गुडघ्यांवर ठेवले. लोक बघायला लागले. सर लगबगीनं आले आणि आले तसे थांबले.

मी खाली गुडघ्यावर बसले आणि कॅमेरा डोळ्याला लावला. बाबा मधोमध होते.

"काढ," ते म्हणाले. "न् ह्यापुढं सांगून काढत जा."