फाटकाबाहेरची हलगी

अन्याय झाला त्या माणसाचं नाव किसन. हलगीवाला. माझा बाप. केव्हा झाला? ब्याण्णव साली, गणपती बसायच्या आधीच्या रविवारी, सकाळी साडेनऊच्या सुमाराला. कुठं? बीड शहरात, पेठेतल्या एका मंडळाच्या मैदानाच्या फाटकात. त्याच्या अर्धा तास आधी, त्याच मैदानात, माझ्यावर झाला. माझं नाव लिहीत नाही. त्यानं काही फरक पडत नाही.

आधी माझं सांगते.

मी पहिल्या रांगेत पहिली उभी होते. सातवीत होते. डोक्याला गुलाबी फेटा, हातात लेझीम. मागं चाळीसेक पोरी. लेझमाच्या बाई माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "फेटा सोड. सुषमाला बांधायचाय."

मला वाटलं फेटा वाकडा बसलाय. म्हणून मी मान खाली केली. बाईंना सोडायला सोपं जावं म्हणून. हे मी कधी विसरत नाही. मान मीच खाली केली.

बाईंनी फेटा उलगडला. माझ्या वेणीत पिन अडकली होती, ती ओढून काढली. सुषमा म्हणजे मंडळाच्या अध्यक्षांची पुतणी. अध्यक्षांचं कापडाचं दुकान. सुषमा काही वाईट पोरगी नव्हती. ती रडकुंडीला आली होती. "बाई, मला पुढचं येत न्हाई. हीच सांगती आमाला, आता बसायचं, आता फिरायचं."

"येतंय तुला. हलगी ऐकायची फक्त," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, आवाज खाली करून, "पाहुणे पहिल्या मुलीला हार घालणार आहेत गं. फोटो पेपरात येणार. समजून घे. तू जा, वडिलांजवळ बस. हलगी तापवायला त्यांना हातभार लागेल."

मी गेले. काही वाटलं नाही. लोक विचारतात, तेव्हा काय वाटलं? काही नाही. पाय चालत होते. लेझीम मी कुणाच्या हातात दिली ते सुद्धा आठवत नाही.

आता जे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही मांग. सरकारी कागदावर मातंग. हलगी आमच्या घरातली. लेझीम हलगीशिवाय होत नाही. पाय कधी टाकायचा, कधी वाकायचं, कधी फिरायचं, ते हलगी सांगते. मंडळानं पोरींसाठी वर्ग काढले होते. शाळा सुटल्यावर संध्याकाळी रांगोळी, शिवण, पेटी आणि लेझीम. लेझमासाठी आबाला, म्हणजे माझ्या बापाला, बोलावलं. आबा म्हणाला, माझ्या पोरीला पण घ्या. घेतलं. त्यात मंडळाचा मोठेपणा पेपरात छापून आला होता.

पोरी आत. आबा बाहेर. फाटकाच्या बाहेर, लिंबाच्या झाडाखाली. दोन महिने रोज.

कावून बाहेर, असं मी एकदा आबालाच विचारलं होतं. तो म्हणाला, "धूर होतो गं. पोरींना ठसका लागतो."

हे खरं होतं. हलगीचं कातडं पावसाळ्यात थंड पडतं. सैल होतं. मग जाळ करून शेकावं लागतं, तेव्हा ते ताणतं आणि कडाडतं. आबा दोन हलग्या आणायचा. एक वाजवायची, तोवर दुसरी जाळावर धरायची. धूर व्हायचाच. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, किसन, तू बाहेर थांब, धुराचा त्रास होतो. आबानं ऐकलं. मलाही पटलं. दोन महिने मला पटलेलं होतं. आत उभी राहून बाहेरच्या बापाच्या तालावर मी नाचत होते आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

तर त्या रविवारी मी फेट्याशिवाय फाटकाबाहेर आले. भुरभुर पाऊस येऊन गेलेला. आबानं माझ्या डोक्याकडं पाहिलं. मग जाळाकडं पाहिलं.

"कागद आण," म्हणाला. "कडबा वला झालाय."

एवढंच.

आत टेबलावर कार्यक्रमाच्या पत्रकांचा गठ्ठा पडला होता, उरलेला. मी तो आणला. एकेक पत्रक काढून जाळात टाकू लागले. टाकायच्या आधी वाचू लागले. प्रमुख पाहुणे. अध्यक्ष. स्वागताध्यक्ष. लेझीम मार्गदर्शिका, बाईंचं नाव. पेटीमास्तरांचं नाव. मंडपवाल्याचं नाव, त्याच्या दुकानाच्या पत्त्यासकट. लाऊडस्पीकरवाल्याचं नाव. आचाऱ्याचं सुद्धा होतं, "अल्पोपाहार सौजन्य" म्हणून. मी वरून खाली वाचलं. मग उलट बाजू बघितली. हलगीवाल्याचं नाव नव्हतं. कुठं कोपऱ्यात असेल म्हणून दुसरं पत्रक घेतलं. सगळी सारखीच छापलेली असतात हे मला कळत होतं. तरी प्रत्येक वाचून बघितलं. मग जाळलं.

पाहुणे आले. कार्यक्रम सुरू झाला. आबानं पहिली हलगी कडाडून वाजवली. आत लेझमा खणखणल्या. सुषमा पुढं. चुकत होती, पण हलगी तिला ओढून नेत होती. आबा फाटकाच्या गजांतून आत बघत वाजवायचा. कोणती पोर मागं पडली ते बघून ताल जरा धरून ठेवायचा. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

हलगी बदलली. मी तापवलेली दिली, थंड झालेली घेतली.

तेवढ्यात वाऱ्यानं धूर आला. आमचा नाही. आतला.

मंडपाच्या कडेला, स्टेजपासून दहा पावलांवर, आचाऱ्यानं भट्टी लावली होती. भज्यांसाठी. लाकडं ओली. काळापांढरा धूर नुसता लोटत होता. पाहुणे खोकत होते. अध्यक्ष रुमालानं डोळे पुसत होते. पोरी खोकत खोकत नाचत होत्या. बाई पाहुण्यांना हसत हसत म्हणत होत्या, "ओली लाकडं हो! चालायचंच पावसाळ्यात."

मी गजाला धरून बघत राहिले.

आत धूर होता. माझ्या बापाच्या मूठभर जाळापेक्षा पाच-पन्नास पट. आणि आचाऱ्याला कुणी बाहेर काढलं नव्हतं.

बस. एवढंच झालं. मला कुणी भाषण दिलं नव्हतं, पुस्तक वाचायला दिलं नव्हतं. मी धूर बघितला.

माझ्या हातात थंड हलगी होती. ती मी जाळावर धरली नाही. खाली ओल्या गवतावर ठेवली, पालथी. आणि शेजारी बसले.

आबाच्या हातातली हलगी पण सैल पडत आली. त्यानं वाजवता वाजवताच मान वळवली. "आण की गं दुसरी."

मी उठले नाही.

"अगं ए! आण!"

मी त्याच्याकडं बघितलं आणि बसून राहिले. त्याची हलगी बसली. कडाड गेला, नुसता धप्प धप्प. आत ताल ऐकू जाईना. सुषमा वाकली तेव्हा मागची रांग फिरली. लेझमा लेझमांत अडकल्या. कुणीतरी पडली. पोरी हसल्या. पाहुणे पण हसले. फोटोवाला कॅमेरा खाली करून उभा राहिला.

अध्यक्ष तिथूनच ओरडले, "ए किश्या! काय झालं बे? झोपला काय?"

माझा बाप त्यांच्यापेक्षा वयानं मोठा होता.

"थंड पडली, मालक," आबा म्हणाला. "पोरीनं तापवली न्हाई."

मग तो माझ्याकडं आला आणि त्यानं मला मारलं. फाटकात. सगळ्यांसमोर. एकदा नाही, दोनदा. दुसरी थप्पड जास्त जोरात, कारण पहिलीनंतर अध्यक्ष बघतच होते.

बाई धावत आल्या. "अरे अरे, मारू नकोस तिला. का गं असं केलंस तू? फेट्याचा राग आला का?"

मी म्हणाले, "आत बी धूर हाय."

बाईंनी मागं वळून भट्टीकडं बघितलं. परत माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं नाही. खरंच कळलं नाही. सोंग असतं तर मला बरं वाटलं असतं.

"टेप लावा रे," अध्यक्ष म्हणाले. औरंगाबादहून आणलेला नवा डेक होता, दोन स्पीकरचा. बँडची कॅसेट लावली. पोरी लेझीम हातात धरून कशातरी हलल्या. टाळ्या झाल्या. सुषमाला हार घातला. फोटो पेपरात आला.

दुसऱ्या वर्षापासून वर्गाला हलगी नव्हती. कॅसेट होती. ते दिवसच तसे आले. घरोघरी केबल आली, मंडळाच्या भिंतीवर कोचिंग क्लासच्या पाट्या आल्या, लग्नाच्या वरातीला गाडीवर भिंतीएवढे स्पीकर आले. कॅसेट कुठंही उभी करता येते. तिला तापवावं लागत नाही. आबा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमालीला लागला. त्याच्या पाठीचं काय झालं ते सांगत बसत नाही.

हे माझ्यामुळं झालं का? आई म्हणायची, झालं. मी पण कधी कधी म्हणते. आबा त्यावर बोलला नाही. त्या मारावरही बोलला नाही. हलग्या खुंटीला टांगलेल्या राहिल्या.

पुढं मी कॉलेजला गेले. संघटनेत गेले. पत्रकं लिहायला शिकले, सायक्लोस्टाइल काढायला शिकले, रस्त्यावर वाटायला शिकले. शाई अजून नखांत आहे. घोषणा देताना गळ्याच्या शिरा ताणतात. पण त्या फाटकाचं आठवलं की आतून काही येत नाही. राग सुद्धा नाही. बधिर जागेवर चिमटा काढल्यासारखं.

सत्त्याण्णव साली त्याच मंडळानं जाहीर सभा बोलावली. मैदानाच्या जागेवर खाली दुकानं आणि वर सांस्कृतिक भवन बांधायचं होतं. नागरिकांची मंजुरी पाहिजे होती, आणि पाहुण्यांच्या स्वागताला पारंपरिक काहीतरी पाहिजे होतं. दोघं जण स्कूटरवर आमच्या वस्तीत आले.

"किसनराव, अस्सल हलगी पायजे. कॅसेट न्हाई आता. लोकांना वीट आला."

आबा ओट्यावर बसला होता. त्यानं विचारलं, "उभं कुठं ऱ्हायचं?"

साठीच्या घरात आला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं हे विचारलं. मी दारात उभी होते. मी ऐकलं.

"कुठं म्हंजे? फाटकापाशी. नेहमीच्या जागेवर."

"मग न्हाई जमायचं."

"कावून?"

आबानं बिडी पेटवली.

त्यांच्यातला एक माझ्याकडं बोट करून हसला. "पोरीनं शिकीवलेलं दिसतंय."

"तिचं मी कदीच ऐकत न्हाई," आबा म्हणाला.

ते गेले. हलगी खुंटीवरच राहिली. आता इथं मी थांबले असते तर गोष्ट बरी झाली असती. थांबत नाही, कारण खरं पुढं आहे.

सभेच्या दिवशी मी गेले. फाटकाबाहेर, लिंबाखाली, दुसरा हलगीवाला वाजवत होता. युसूफ वडगाव नावाच्या गावाहून आणलेला. धूर होत होता. आत खुर्च्या मांडल्या होत्या. मी बसले. भवनाचा ठराव वाचून झाल्यावर उभी राहिले.

"अध्यक्षमहाराज, हलगीवाला बाहेर का उभा आहे?"

"ताई, हा विषय विषयपत्रिकेवर नाही."

"मग घ्या."

"ऐनवेळचे विषय शेवटी. बसा."

मी बसले. शेवटी सचिवांनी आभार मानले. मंडपवाल्याचे मानले, लाऊडस्पीकरवाल्याचे मानले. मी उठले तेवढ्यात राष्ट्रगीत लागलं. सगळे ताठ उभे राहिले. मी पण राहिले. संपल्यावर खुर्च्या उचलायला सुरुवात झाली. कुणी वाईट वागलं नाही. एक बाई तर म्हणाल्या, छान बोलता हो तुम्ही.

मी फाटकाबाहेर आले. तो माणूस हलगी कापडात बांधत होता. मी विचारलं, "दादा, नाव काय तुमचं? पत्रकात छापायचंय."

तो दचकला. "नाव कशाला पायजे? तक्रार करता काय माजी?"

"तुमची नाही. त्यांची."

"नगा करू, ताई. म्होरल्या साली बी बोलीवतेत मला. एवडं राहू द्या."

नाव लिहायला काढलेला कागद मी घडी करून पिशवीत ठेवला. तो एस. टी. स्टँडच्या बाजूनं चालत गेला.

त्या दिवशी मला एक गोष्ट पक्की कळली, आणि ती मी इथं लिहून ठेवते. हलगीवाल्याला "वाजवू नको" असं मी पुन्हा म्हणणार नाही. ते मी एकदा केलंय. सातवीत असताना. हलगी मी थंड ठेवली आणि पाठ माझ्या बापाची मोडली. आबानं नाही म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी युसूफ वडगाव मिळालं. युसूफ वडगाव नाही म्हणालं, तर तिसरं गाव मिळेल. भुकेल्या माणसाच्या नकाराला बदली माणूस मिळतो. सबब नकार द्यायची पाळी त्याची नाही.

तुमची आहे.

तुम्ही आत उभे आहात. फेटा तुमच्या डोक्यावर आहे. यंदा तुमच्या मंडळात, शाळेत, जयंतीला, पाहुण्यांच्या स्वागताला लेझीम होईल तेव्हा पाय उचलायच्या आधी फाटकाकडं बघा. वाजवणारा बाहेर उभा असेल, तर लेझीम जमिनीवर ठेवा. चाळीसच्या चाळीस जणींनी ठेवा. पाहुणे आले असले तरी ठेवा. कारण विचारतील, सबबी सांगतील, अध्यक्ष ओरडतील. उचलू नका. तो त्याच्या जाळासकट आत येईपर्यंत, पत्रकावर त्याचं नाव लागेपर्यंत, एकीनंही उचलायची नाही.