टाकीबाहेरचा माणूस

माझ्या फटकळ तोंडाची कुणाला गरज पडली असं आयुष्यात एकदाच घडलं, आणि तेही लाहौलच्या बर्फात. एरवी आई म्हणायची, "ही एक दिवस तोंडामुळे मार खाणार." अजून तरी खाल्लेला नाही.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. मी राहायला उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये, आणि नोकरीला अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या स्टोअरमध्ये. रविवार आला की आम्ही काही जण मलंगगड, नाहीतर चंदेरी गाठायचो. त्यातले तिघं हिमालयाच्या नादाने पुरते वाया गेलेले. एक मी. दुसरा आमच्या गल्लीतला सिंधी टेलर, जो आमचे सगळ्यांचे विंडचीटर शिवायचा आणि वर चहाही पाजायचा. आणि तिसरे मामा.

मामा म्हणजे सगळ्या कंपनीचेच मामा, तिथे फिटर. राहायला बदलापूरजवळ सोनिवलीत, घरची थोडी भातशेती. हिमालयात ते दोन-तीनदा जाऊन आले होते, पण दर वेळी खालचा तंबू सांभाळायला. शिखराला म्हणून पाय लागला नव्हता. आता रिटायरमेंट तोंडावर आली होती, आणि मामींनी सांगून टाकलं होतं, "या वक्ताला जावा. मंग परत नाव काराचा नाय." म्हणजे झालं तर यंदाच, नाहीतर कधीच नाही.

बेत शिजायचा मामांच्या ओटीवर. हिमाचलातल्या लाहौलमधलं एक आडबाजूचं शिखर आम्ही धरलं होतं. तिथवर रस्ता नाही, शेवटच्या गावापासून दोन-चार दिवसांची नुसती पायपीट. कुणी पडलं-झडलं तर वाली नाही, म्हणून सगळा जोर हवामानावर. गणपती झाले की निघायचं, बर्फ पडायला लागायच्या आत, म्हणजे दसऱ्याआधी परतायचं. पहाटे बर्फ कडक असताना चढायचं, सूर्य डोक्यावर यायच्या आत उतरायला लागायचं. रोज संध्याकाळी रेडिओवर डोंगरी भागाचा अंदाज ऐकायचा. इथवर माझी ना नव्हती. पण मामांनी मधे चांगले रिकामे दिवस ठेवले, काहीच न करण्यासाठी, तेव्हा माझं डोकं फिरलं.

"मामा, सुट्टी काय झाडाला लागते? फुकट बसायला एवढ्या लांब जायचं?"

"आनि वारा सुटला त त्याला काय लीव्ह अ‍ॅप्लिकेशन देशील?" मामा म्हणाले.

टेलर एवढा हसला की त्याला ठसका लागला. रिकामे दिवस राहिले.

खरं भांडण मात्र पुढेच होतं. आमच्या कंपनीत टाकी साफ करायला माणूस आत उतरला की, आत गॅस साठला तर म्हणून, एक माणूस तोंडाशी उभा राहतो. त्याला दुसरं काम नाही. तो "बाहेर ये" म्हणाला की आतल्याने बाहेर यायचं. का, कशाला, हे विचारायचं नाही. आत साहेब असला तरी नाही. मामांना हाच कायदा डोंगरावर हवा होता. शिखराचा शेवटचा चढ असा की चढणाऱ्याचं तोंड बर्फाच्या भिंतीकडे, मागून काय येतंय ते त्याला दिसतच नाही. खालच्या खिंडीतून मात्र सगळं दिसतं. तेव्हा एकाने खिंडीत शिट्टी घेऊन बसायचं. शिट्टी वाजली की वरच्यांनी वळायचं.

"आनि तो एक म्हंजे तू," मामा म्हणाले.

मी जी उसळले! "वा रे वा! बाई आहे म्हणून राखणीला? पैसे मीही भरलेत, पाय मलाही आहेत!"

"बाय हायेस म्हनून नाय गो. हा टेलर भिडंचा. हा बोलंल, मामांचा शेवटचा चान्स, अजून पाच मिंटं जाऊ दे. तुला कोनाची भीड परते का?"

"दीदी तो मिनिस्टर को भी नीचे उतार देगी," टेलरने भर घातली.

ही स्तुती की निंदा तेच कळेना. आठवडाभर मी दोघांशी बोलले नाही. मग ठरलं की पहिल्या दिवशी ते दोघं चढतील, दुसऱ्या दिवशी टेलर आणि मी, आणि खिंडीत मामा.

कसला दुसरा दिवस! वरच्या कॅम्पला पोचलो आणि बर्फ सुरू झालं. रिकामे दिवस एकेक करून तंबूत गेले. मामांनी मला एका शब्दाने चिडवलं नाही, नुसती सुकट घालून खिचडी केली. टेलरने नाक धरून खाल्ली आणि पुन्हा वाढून घेतली. शेवटी हातात एकच दिवस उरला. त्या संध्याकाळी रेडिओ म्हणाला, उद्या आकाश निरभ्र.

सकाळी खरोखर लख्ख ऊन. मी खिंडीत दगडाला टेकून बसले. वर एका दोराला बांधलेले ते दोघं, पुढे मामा. पाहता पाहता इतके वर गेले की आता थोडकंच राहिलं. मामांची लाल माकडटोपी शिखराखाली सरकत होती आणि मी एकटीच मोठमोठ्याने ओरडत होते, "चला मामा, चला!" मत्सर कुठल्या कुठे पळाला होता.

तेवढ्यात पश्चिमेच्या डोंगरावर एक करडा ढग येऊन टेकला. आमच्याकडे मलंगगडावर असा ढग टेकला की तासाभरात धो धो कोसळतो. पण हा मलंगगड नव्हता, आणि रेडिओ तर निरभ्र म्हणाला होता. ढग फुगत आमच्याकडे निघाला. मामांचा शेवटचा चान्स. पाच मिनिटं जाऊ दे. हो, अगदी हेच मनात आलं, जिला कुणाची भीड पडत नाही तिच्या मनात! मग मी स्वतःलाच एक शिवी हासडली आणि शिट्टी वाजवली.

टेलर हात वर करून शिखर दाखवत होता, एवढंसंच तर राहिलंय म्हणून. मामा तोवर वळलेही होते.

ते खिंडीत पोचेपर्यंत ढग आला, अर्धा डोंगर झाकून थोडा वेळ थांबला, आणि पत्ता चुकलेल्या पाहुण्यासारखा निघून गेला. बर्फाचा एक कण पडला नाही. शिखर असं चमकायला लागलं की बघवेना. पुन्हा चढायला बर्फ आता मऊ झालं होतं. मी ढसाढसा रडले. मामा एकाएकी खो खो हसायला लागले.

"रेडिओ खरा बोलत व्हता गो!"

"हसता काय मामा? शिव्या द्या मला!"

"कशाला? टाकीतून भायेर आल्यावर कंदी कोनी विचारलाय, गॅस खराच व्हता का म्हनून? मना ढग दिसत नव्हता. तुला दिसला. बस."

असं म्हणाले खरे, पण मग शिखराकडे तोंड करून बराच वेळ बसले. मी चहा दिला तो त्यांच्या हातात गार झाला. त्यांना किती लागलंय ते मला दिसत होतं आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं होतं.

सोनिवलीला आम्ही मामांना घरी सोडायला गेलो. मामींचा माझ्यावर आधीपासून राग, नवऱ्याला मीच फूस लावते असा. त्यांनी मामांच्या पायांवर पाणी घातलं आणि विचारलं, "झाला का शिखर?"

"नाय. थोरक्यात रायला. हिनं शिटी मारली, फिरलो."

"वरशी फिरलाव? हिच्या एका शिटीवर?"

"मंग काय करतो? तसा ठरलाच व्हता."

आता आपली खैर नाही, म्हणून मी पिशवी उचलली. मामींनी पुढे येऊन माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, ओटीवर ठेवली आणि मामांना म्हणाल्या, "फुरच्या वक्ताला पन हिलाच न्या."

"फुरच्या वक्ताला?" मामांनी विचारलं, आणि पुढच्या वेळेचं नाव मामींनीच काढलेलं ऐकून ओल्या पायांनीच परत अंगणात उतरले.