भाड्याची लाईन

धुळ्यात आमच्या शेजारी एका गृहस्थांचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्यांचं मूळ गाव दोंडाईचा. दुपारी शटर अर्धं खाली ओढलं की ते कॉम्प्युटरवर रेल्वे चालवायचा गेम लावतात. आधी गल्ल्याला करतात तसा माऊसला हात लावून नमस्कार. गाडी धावत असताना चहाला शिवत नाहीत. कप समोर निवत राहतो. स्टेशन आलं की एक घोट घेतात, पण गाडी लगेच सोडत नाहीत. मी घाई केली की म्हणतात, "थांब ना भाऊ, लोके उतरी ऱ्हायनात." पडद्यावरचा प्लॅटफॉर्म रिकामाच असतो.

गेममधली दोंडाईच्याला जाणारी लाईन विकत मिळत नाही. दरमहा वर्गणी भरली तरच चालते. "दुकान बठ्ठं मन्हं शे," ते सगळ्या दुकानावरून हात फिरवत हसतात, "ही लाईन तेवढी भाडानी."

गेल्या महिन्यात कंपनीने कळवलं, ती लाईन आता वर्गणीदारांनाही मिळणार नाही. शेवटच्या दुपारी गाडी रानात असतानाच बाहेरून गिऱ्हाईकाने हाक मारली. गिऱ्हाईकाला कधी न थांबवणारा हा माणूस जागचा हलला नाही. त्यांनी गाडी दोंडाईच्याला आणली आणि सावकाश ब्रेक लावला.

मी म्हणालो, "रानातच सोडायची ना! उद्या कुठे दिसणार आहे ती?"

"म्हनीसनच ना भाऊ," पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले. "लोके गाडीमाच ऱ्हाई जातीन."

गिऱ्हाईकाने पुन्हा हाक मारली. मीच शटरखालून वाकून सांगितलं, "थांबा जरा. लोक उतरताहेत."